रैनांची खुर्ची काढायची का?

मॅडम, प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानबदलाच्या परिसंवादांत शंका घेणाऱ्या अभ्यासकांनाही बोलवा, असं लिहून मी तंबाखू कंपन्यांच्या शंका पेरण्याच्या जुन्या खेळीला हातभार लावला, मग उद्या पृथ्वी सपाट म्हणणाऱ्यालाही खुर्ची देणार का?

तंबाखूचा मुद्दा बिनतोड आहे. १९६९च्या एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या टिपणात 'शंका हाच आपला माल' असं चक्क लिहिलेलं सापडलं. असल्यांना मी चहालाही बोलावणार नाही. पण शंका विकणारा आणि शंका घेणारा यांना एका दावणीला कशाला बांधायचं?

व्ही. के. रैनांचंच बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक, हिमनद्या पायाखाली घातलेला माणूस. नोव्हेंबर २००९मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्यांचा अहवाल काढला. हिमालयातल्या हिमनद्या काही जगावेगळ्या वेगाने मागे हटताना दिसत नाहीत, असं त्यात होतं. त्याआधी आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २००७च्या अहवालात छापलं गेलं होतं की त्या २०३५पर्यंत बहुधा नाहीशा होतील. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी रैनांच्या अहवालाची 'वूडू सायन्स' म्हणून बोळवण केली. आणि जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीलाच कबूल करावं लागलं की २०३५च्या दाव्याला धड आधार नव्हता. आकडा आला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २००५च्या अहवालातून, आणि तिथे तो पोचला होता १९९९मधल्या एका मासिकातल्या बातमीवरून! (आयपीसीसीच्याच लेखकांपैकी गेओर्ग काझर या ऑस्ट्रियन हिमनदीतज्ज्ञाने आपण २००६मध्येच सावध केलं होतं, असं नंतर सांगितलं. म्हणजे घरातल्याचंही कुणी ऐकलं नाही.)

आता तुम्हाला आवडेल असा भाग. रैनांचा निष्कर्षही टिकला नाही. त्यांचा मोठा भर हिमनदीच्या मुखावर, म्हणजे खालच्या टोकावर होता: ते कुठे आहे, वर्षाला किती मीटर मागे गेलं. २००७ ते २००९ गंगोत्रीचं मुख जवळपास जागचं हललं नव्हतं, हे त्यांनी नोंदवलं. पण भुशात ठेवलेली बर्फाची लादी आठवा. दुपारी बघावं तर लांबी तेवढीच वाटते; भुसा झटकला की कळतं, जाडी केवढी उतरली ते. हिमालयातल्या कित्येक हिमनद्यांच्या मुखाकडच्या भागावर दगडगोट्यांचा असाच थर असतो. मुख जागेवर, बर्फ मात्र पातळ. २०१९मध्ये अमेरिकी हेर-उपग्रहांच्या जुन्या छायाचित्रांवरून सुमारे ६५० हिमनद्यांची जाडी ताडून पाहिली, तेव्हा २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट निघाला.

मुख मोजायचं की जाडी, हा वाद अभ्यासकांच्या टेबलावर रंगायला हवा होता. तो वर्तमानपत्रांत झाला, आणि तिथे दोनच प्रश्न उरले: कोण जिंकलं, कोण तोंडावर पडलं.

उलट अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर. उपग्रहांच्या नोंदींवरून ते सांगत, की वातावरण फारसं तापत नाहीये. त्यांची आकडेमोड जर्नलांत छापली जात होती, म्हणूनच कार्ल मीअर्स आणि फ्रँक वेंट्झ या दुसऱ्या अभ्यासकांना तिच्यातली चूक धरता आली. उपग्रह कक्षेत सरकला की मोजण्याची वेळही सरकते. त्यासाठीच्या दुरुस्तीत अधिकच्या जागी उणे पडलं होतं. २००५मध्ये क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य केली, आकडे बदलले, तापमानवाढीचा वेग वर गेला. त्यांचं मत नाही बदललं. नसू दे.

सपाट पृथ्वीवाल्याला मी एवढंच म्हणेन: तुमची मोजणी आणा. खुर्ची आपोआप रिकामी होईल.

तुमचा एक आक्षेप मात्र मुकाट्याने घेतो. लेखात मी 'दोन्ही बाजूंना सारखा वेळ' असं लिहिलं होतं. ते वाक्य आज काढलं. रैनांसारख्याला बोलवायचं, तर त्याच सत्रात जाडी मोजणारा समोर बसलेला हवा. ते जमणार नसेल तर निमंत्रणच धाडू नये.