तापीच्या खोऱ्यातील शेल वायू : एका संदेशाचा प्रतिवाद

“तापी खोऱ्याखाली शेल वायूचा 96 लाख कोटी घनफुटांचा प्रचंड साठा आहे, गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने युरोपसारखे सामायिक धोरण आखले, तर गॅस अमेरिकेसारखा स्वस्त होईल आणि शेतकऱ्याला रॉयल्टी मिळेल,” असा संदेश खानदेशातल्या गटांवर फिरतो आहे. (संदेशासोबतचा नकाशा तुर्कमेनिस्तानहून निघणाऱ्या ‘तापी’ वायुवाहिनीचा आहे, आपल्या नदीशी तिचे नाते केवळ नावापुरते.)

आधी साठ्याचे पाहू. धुळे तालुक्यात बोअरची गाडी लागली की मुरूम संपताच राखाडी भुकटी उडू लागते. ती ज्या काळ्या खडकाची, तो म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. शेल वायू मात्र सेंद्रिय द्रव्यासह गाडल्या गेलेल्या चिखलाच्या खडकात असतो. गुजरातच्या खंबात खोऱ्यातही बेसॉल्ट आहेच, पण तेथे तो तळाशी असून शेलचे थर त्याच्यावर साचले आहेत. आपल्याकडे त्याच्यावर आहे तो यावल-रावेरचा गाळ, ज्यात केळी पिकते. बेसॉल्टखाली जुने गाळाचे खडक असल्याचे भूशास्त्रज्ञ मानतात, म्हणून वायू असणे अशक्यच आहे असे मी म्हणणार नाही. परंतु शक्यतेला साठा म्हणता येत नाही.

संदेशातला 96 लाख कोटी घनफुटांचा आकडा अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाच्या 2013 च्या अंदाजातला असून तो खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांपुरता आहे. त्याच देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2012 मध्ये यांपैकी पहिल्या तीन खोऱ्यांसाठी जेमतेम 6 लाख कोटी घनफूट सांगितले होते.

युरोपचा दाखला तर संदेशाच्या विरुद्धच जातो. फ्रान्सने 2011 मध्ये खडक फोडून शेल वायू काढण्यावर बंदी घातली, त्याच काळात पोलंड कंपन्यांना त्याच वायूचे परवाने देत होता, आणि 2014 मध्ये युरोपीय आयोगाने काढल्या त्या केवळ बंधनकारक नसलेल्या शिफारशी, कारण ऊर्जेचे स्रोत निवडण्याचा अधिकार सदस्य देशांनी स्वतःकडेच ठेवला आहे. पोलंडमध्येही व्यापारी उत्पादन झालेच नाही. आपल्याकडे नैसर्गिक वायूवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले आणि गुजरातचा 2001 चा वायू कायदा त्यात टिकला नाही. मग ही तीन राज्ये वायूचे धोरण ठरवणार कोणत्या अधिकाराने?

राहिली रॉयल्टी. अमेरिकेत ती बहुधा जमीनमालकाला मिळते. आपल्याकडे जमिनीवरील तेल-वायूची रॉयल्टी राज्य सरकारच्या तिजोरीत जाते, सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो.