‘उद्या या’ म्हणणाऱ्याचं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. बायको म्हणाली, "कशाला उत्तर देताय, सोडून द्या." पण पस्तीस वर्षं महसूल खात्यात काढली आहेत. आवक झालेल्या कागदाला जावक क्रमांक पडल्याशिवाय चैन पडत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष कसं अंगावर आलं, हे मी लिहिलं होतं. फोन वाजेनासा झाला, ‘साहेब’ ऐकू येईनासं झालं, आणि हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत दोन तास बाकड्यावर बसावं लागलं. शिवाय निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर वर्षभर मुलांना मोठी रक्कम देऊ नका, असा सल्लाही होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, "पेन्शनवाल्यांचे चोचले आहेत हे. आम्ही 2008 ला लागलो, आमच्या हातात काय येणार ते बाजार ठरवणार. आणि जन्मभर लोकांना ‘उद्या या’ म्हणणाऱ्याने दोन तास बसावं लागलं म्हणून रडगाणं गाऊ नये. मुलांना पैसे न देण्याचा सल्ला तर निव्वळ निर्दयपणा."

तुमचा पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख आपल्या दोघांमधून भिंतीसारखी गेली आहे: त्याआधी लागलेल्यांना जुनं, ठरलेलं पेन्शन, नंतर लागलेल्यांना बाजारावर अवलंबून असलेलं नवं. माझं पेन्शन 1982 च्या नियमांनी ठरलं, तुमच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात. एकाच कार्यालयात, शेजारच्या टेबलांवर, तेच काम करणारी दोन माणसं आणि म्हातारपण मात्र वेगवेगळं. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च 2023 च्या संपात तुम्ही मंडळी रस्त्यावर होतात, तेव्हा मी निवृत्त होऊन साडेनऊ महिने झाले होते आणि घरी टीव्हीवर बघत होतो. पुढे 2024 मध्ये राज्याने अखेरच्या पगाराच्या निम्म्या रकमेचा पर्याय आणला. तो तुम्हाला किती परवडतो याचा हिशेब तुमच्या नोकरीच्या वर्षांवर आहे, मी त्यात शहाणपण शिकवणार नाही. एवढंच म्हणतो की लेखाच्या सुरुवातीलाच ‘हे जुन्या पेन्शनवाल्याचं लिखाण आहे’ असं लिहायला हवं होतं. ते राहिलं.

आता ‘उद्या या’. हे मात्र लागलं.

मी काही वर्षं तहसीलमध्ये संजय गांधी शाखेला होतो. निराधारांना अनुदान देणारी निराधार योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ, दोन्ही टेबलं माझ्याकडे. तेव्हा महिन्याला 600 रुपये मिळायचे. पुढे 2019 ला 1000 झाले, 2023 ला 1500. वर्षातून एकदा लाभार्थ्यांचे हयातीचे दाखले गोळा करायचे, नाही आले तर अनुदान थांबवायचं. एका वर्षी एक म्हातारी आली होती, डोंगराकडच्या वाडीवरची, एसटी चुकली म्हणून निम्मी वाट चालत. तिच्या कागदावर तलाठ्याची सही नव्हती. मी सांगितलं, सही आणा, मग बघू. ती म्हणाली, "आरं बाबा, मी हाय की हितं उभी. आनी कसली हयात पायजे तुला?" शाखेत सगळे हसले. मीही हसलो. आणि तिला परत पाठवलं.

नियमाने मी बरोबर होतो, आजही कोणी चौकशी लावली तर सुटेन. नोटशीट लिहिली तर ती अशीच लिहीन.

मागच्या नोव्हेंबरात बँकेच्या आमच्या शाखेत, हयातीच्या दाखल्यासाठी कोषागाराकडून आलेल्या पेन्शनरांच्या यादीत माझं नाव सापडेना. टेबलावरचा मुलगा, माझ्या धाकट्यापेक्षा लहान, म्हणाला, "काका, दुसरी यादी आलीय का बघतो, सोमवारी या." आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अहो, मी समोर उभा आहे ना!" शब्द तेच, फक्त बोली शहरी. त्या क्षणी मला म्हातारी आठवली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही आठवली. मी चिडलो होतो, घरी आलो आणि तो लेख लिहिला. म्हातारी आठवली ती तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर. म्हणून झोपेचं खोबरं.

तरीही मी लेख मागे घेणार नाही. कारण ‘चोचले’ या शब्दात तुम्ही पैसे आणि खुर्ची एकत्र केलीत. पेन्शन पैशाचं भागवतं, खुर्चीचं नाही. सकाळी सहाला उठून दाढी करायची आणि मग जायचं कुठे? पहिले तीन महिने मी स्वयंपाकघरात तपासणी पथकासारखा फिरत होतो. डाळीचे डबे अर्धे का, गॅसची नोंदवही कुठे? शेवटी बायको म्हणाली, "इथं तुमची बदली झालेली नाही." तुमचं पेन्शन बाजाराने ठरो की नियमाने, हे तुमच्याही वाट्याला येणार आहे, आणि याची तरतूद कुठल्याच योजनेत नाही.

कागदांचं मात्र मी मूळ लेखात फार उरकून लिहिलं होतं, ते इथे नीट लिहितो. तुमच्याही कामाचं आहे, कारण सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींची वही, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.

माझी शाळेतली जन्मतारीख 1 जून 1964. खरी कोणालाच माहीत नाही. गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाला 1 जून वाटला होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून मी 31 मे 2022 ला. जुलैची वेतनवाढ हुकली. 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने त्या वेतनवाढीचा आधार मिळाला, आम्हा एक जूनवाल्यांना तोही नाही. गुरुजींनी 2 जून लिहिला असता तर! असो.

पेन्शनचे कागद दोन वर्षं आधी हलवायला घ्यायचे असतात. मी दुसऱ्यांचे वेळेत हलवले, स्वतःचं सेवापुस्तक मात्र आठ महिने आधी उघडलं. त्यात मराठी भाषा परीक्षेतून सूट मिळाल्याची नोंदच नाही. सातारी माणूस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पस्तीस वर्षं मराठीत टिपण्या लिहिल्या, आणि मला मराठी येतं याचा पुरावा नाही. वेतनपडताळणी पथकाने पुस्तक आक्षेप लावून परत केलं. तेवढ्या वर्षांच्या वेतनवाढी धोक्यात! दहावीची गुणपत्रिका शोधली, जुन्या तालुक्यातून आदेशाची प्रत मागवली. प्रत द्यायला तिथला कारकून म्हणाला... काय म्हणाला ते तुम्ही ओळखलं असेलच. महालेखापालांकडे प्रकरण उशिरा गेलं, पहिले काही महिने तात्पुरत्या पेन्शनवर काढले. यात दोष कोणाचा? माझाच. तुम्ही 2008 चे, म्हणजे वेळ हाताशी आहे. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, स्वतःजवळ ठेवा आणि दरवर्षी त्यावर नोंदी साक्षांकित करून घ्या. भाषा परीक्षा, संगणक परीक्षा, स्थायित्व प्रमाणपत्र, नामनिर्देशन, या चार नोंदी आधी बघा.

राहिला निर्दयपणा. माझं पेन्शन बसलं 31,000. त्यातले 40 टक्के, म्हणजे 12,400, मी ‘विकले’, म्हणजे दरमहा घेण्याऐवजी एकरकमी घेतले, त्याचे साधारण साडेबारा लाख आले. महागाई भत्ता पूर्ण 31,000 वर मिळतो, पण ते 12,400 पंधरा वर्षं दरमहा कापले जातात. म्हणजे साडेबारा लाख घेऊन सव्वाबावीस लाखांच्या वर परत करायचे. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधी धरून खात्यात आयुष्यात प्रथमच एवढी रक्कम दिसली, आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना सगळं सुचायला लागलं. माझ्या एका सहकाऱ्याने मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटला सगळी रक्कम दिली. दुसऱ्या वर्षी त्यांची बायपास झाली. नोकरीत असताना वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकता येतं, 31 तारखेनंतर ती खिडकी बंद. बिलासाठी त्यांना मुलासमोर हात पसरावा लागला, आणि हप्त्यात अडकलेल्या मुलाला नाही म्हणता येईना, देताही येईना. दोघंही चांगली माणसं. निर्दय कोण होतं, सांगा?

मी ‘देऊ नका’ म्हटलं नव्हतं, ‘वर्षभर’ म्हटलं होतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्तीची रक्कम 58 व्या वर्षीही ठेवता येते, साठ पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. माझ्या वेळी रक्कम हातात आल्यापासून एक महिन्याची मुदत आणि 15 लाखांची मर्यादा होती, आता तीन महिने आणि 30 लाख. पैसे तिथे पाच वर्षं अडकले की नातेवाइकांना सांगायला एक सरकारी कारण मिळतं. कारण सरकारी असलं की लोक ऐकतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

तुम्ही शेवटी विचारलंत, "एवढं कळतं तर आता त्या लोकांसाठी काही करता का?" नाही करत. सकाळी फिरतो, नातवाला शाळेत सोडतो, दुपारी झोपतो. कुणी ओळखीचा फॉर्म घेऊन आला तर भरून देतो, एवढंच. ती म्हातारी दुसऱ्यांदा सही घेऊन आली होती की नाही, हे दोन दिवस आठवतोय. आठवत नाही.