संहितेवर भांडतो, ध्वनिमुद्रणाचं काय?

ऐतिहासिक व्यक्तीवरच्या नाटकाचा वाद महाराष्ट्रात संहितेपासूनच सुरू होतो. ती नाटकांना प्रयोगाची परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळापुढे जाते, एकेका वाक्यावर रस्सीखेच होते, मग ‘बदनामी’ की ‘उदात्तीकरण’ यावर आठवडे जातात. त्याच नाटकाच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण निघालं तर कुणी विचारतही नाही. इथे अमेरिकेत राहून मला वाटतं, खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

‘ब्लडी ब्लडी अँड्र्यू जॅक्सन’ घ्या. अमेरिकेच्या सातव्या राष्ट्राध्यक्षाला घट्ट जीन्स आणि डोळ्यांत काजळ घालून रॉकस्टार केलेलं हे संगीत नाटक. ब्रॉडवेवर १३ ऑक्टोबर २०१० ला लागलं, २ जानेवारी २०११ ला उतरलं. अल्बम मात्र अजून ऐकला जातो. जॅक्सनने १८३० मध्ये मूळनिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली, आणि त्यापायी चेरोकी जमातीचे हजारो लोक मेले. नाटकाने त्याला विचारलेला जाब बराचसा संवादांत आणि नटांच्या हावभावांत आहे. २०१४ मध्ये मूळनिवासी रंगकर्मींनी मिनियापोलिसच्या प्रयोगाला विरोध केला, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थ्यांचा प्रयोग रद्द झाला. तेही प्रयोगावरूनच.

अल्बमच्या शेवटी ‘द हंटर्स ऑफ केंटकी’ येतं. हे नाटकासाठी रचलेलं गाणं नव्हे; जॅक्सनने जिंकलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचं गुणगान करणारं १८२० च्या दशकातलं गाणं, जॅक्सनच्या प्रचारात खरंच गायलेलं. एकप्रकारे पोवाडाच. रंगमंचावर ते टोचतं, कारण आधी काय घडलं ते डोळ्यांपुढे असतं. हेडफोनमध्ये तो पुन्हा निव्वळ पोवाडा होतो.

असं का होतं? इथे ध्वनिमुद्रणाच्या एका दिवसासाठी नटाला आठवड्याचा पगार द्यावा लागतो, म्हणून शक्यतो एका दिवसात काम उरकतात आणि पहिली कात्री संवादांना लागते. ड्रम एका खोलीत, गायक दुसऱ्या खोलीत, कानात ठेक्याची टिकटिक. आवाज माइकच्या अगदी जवळ, त्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणं, मागे गिटारींची भिंत. खांदे उडवून केलेली टिंगल माइकला दिसत नाही, प्रेक्षकांचं हसूही नाही. उरतो एक तडफदार नायक.

अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षाची पत्नी एवा पेरॉन हिच्यावरचं संगीत नाटक ‘एविटा’ १९७६ मध्ये आधी अल्बम म्हणूनच आलं. जवळजवळ सगळं गायलेलं असल्यामुळे एवाला टोकणारा निवेदक ‘चे’ अल्बममध्येही ठाण मांडून आहे. तरीही एवा बाल्कनीतून गाते ते ‘डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना’ हे गाणं एकटं बाहेर पडलं, फेब्रुवारी १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि लोकांनी ते मनापासूनचं आर्जव म्हणून ऐकलं.

म्हणून नाटकाची गाणी मुद्रित करणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं: सूत्रधाराचे वीस-तीस सेकंदांचे चार-पाच तुकडे ठेवाच. ते वेगळा ट्रॅक म्हणून देऊ नका, कारण ॲपवर यादी करताना लोक बोलण्याचे ट्रॅक वगळतात. गाण्याच्याच ट्रॅकमध्ये, पहिल्या सुरांवर बोलणं चढवा. वाद्यं थोडी खाली घ्या, पण बंद करू नका, नाहीतर बोलणं आणि गाणं सांधत नाही. नायकाच्या गाण्यात कोरसचा टोमणा असेल तर तो मिक्समध्ये मागे ढकलू नका. बऱ्याचदा तोच एकटा प्रश्न विचारत असतो.

‘घाशीराम कोतवाल’च्या बाबतीत हे आणखी अवघड. तिथे डोलणारी ब्राह्मणांची रांगच कधी भिंत होते, कधी पडदा, आणि नाना फडणवीस त्या रांगेमागून येतात-जातात. ती रांग आवाजात आणायची तर कोरस एका माइकवर गोळा करून चालणार नाही. माणसं प्रत्यक्ष एका ओळीत उभी करा, त्यांच्यापुढे अंतराअंतरावर तीन-चार माइक लावा, म्हणजे ओळ डावीकडून उजवीकडे सरकलेली कानाला कळेल.