कँटनच्या रांगेत कोण पुढे, कोण मागे

अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक बिल बेलिचिक याला यंदा (२०२६ला) कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानगृहात, जागा मिळाली नाही हे जानेवारीत बाहेर आलं आणि एकच गदारोळ उठला. मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकलेला माणूस पहिल्याच वर्षी बाहेर? मतदारांना यथेच्छ शिव्या घालून झाल्या. काहींच्या मनात जुना राग असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मतपत्रिकेचं गणित आधी मांडलं असतं तर धक्का निम्म्याने कमी बसला असता. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचे अंदाज बांधणारे बहुतेक जण खेळाडूची आकडेवारी घेऊन बसतात. ती लागतेच. पण जागा किती, रांगेत आणखी कोण आणि मतं कशी फुटणार हे न पाहिल्यामुळे भलेभले अंदाज आपटतात.

आधी मतपत्रिका बघू. २०२५च्या तुकडीपासून नियम बदलले. समितीत ५० मतदार, निवडीला ८० टक्के मतं, म्हणजे ४०. नव्या काळातल्या खेळाडूंची यादी शंभरावर नावांपासून सुरू होते, ती ५०, २५, १५ अशी गाळत आणतात. अंतिम बैठकीत १५चे १० होतात, १०चे ७. त्या सातांतून प्रत्येक मतदार पाच नावं निवडतो. एकूण मतं झाली २५०. ती सातांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ३५-३६ मिळतात आणि ४० कोणालाच मिळत नाहीत! पाच जण आत जायचे असतील तर त्यांना मिळून किमान २०० मतं हवीत, म्हणजे उरलेल्या दोघांना मिळून फार तर ५०. सातवं नाव अगदीच फिकं असेल तर हे जमतं. पण सातांत पोचलेला माणूस फिका कसा असेल? म्हणून २०२५ला सातांतून तिघंच निघाले: एरिक अ‍ॅलन, जॅरेड अ‍ॅलन आणि अँटोनियो गेट्स. तीन हा नियमाने ठरवलेला किमान आकडा आहे, त्याखाली जाताच येत नाही. यंदा चार निघाले: ड्रू ब्रीझ, लॅरी फिट्झजेराल्ड, लूक कीक्ली, अ‍ॅडम विनातिएरी. तेव्हा ‘दरवर्षी पाच’ धरून अंदाज बांधणं सोडून द्या. तीन पक्के धरा, चौथा बोनस.

बेलिचिकची मतपत्रिका वेगळी होती आणि तिथे तर अजून दाटी. तीन ज्येष्ठ खेळाडू (निवृत्तीला किमान २५ हंगाम झालेले), एक प्रशिक्षक आणि संघमालक किंवा पदाधिकाऱ्यांमधला एक, अशी पाच नावं. प्रत्येक मतदाराने त्यातली तीनच निवडायची. एकूण १५० मतं, पाचांत सारखी वाटली तर प्रत्येकी ३०. यंदा ज्येष्ठांमध्ये रॉजर क्रेग, केन अँडरसन, एल. सी. ग्रीनवूड. मालकांत रॉबर्ट क्राफ्ट. आता एखाद्या मतदाराने विचार केला की बेलिचिक पुढच्या वर्षी जाईलच, या म्हाताऱ्यांना मात्र पुन्हा संधी मिळेल न मिळेल, आणि तिन्ही मतं ज्येष्ठांना दिली, तर त्याला वेडा म्हणता येत नाही. असे अकरा मतदार निघाले की बेलिचिक बाहेर. आत गेला तो एकटा क्रेग. १९८५ साली एकाच हंगामात चेंडू घेऊन धावत हजार यार्ड आणि झेल घेऊन हजार यार्ड अंतर काढणारा पहिला खेळाडू. त्याच्या निवडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाच वेगळ्या जातीची नावं एकाच मतपत्रिकेवर कोंबणाऱ्या नियमाबद्दल आहे.

दुसरी चूक होते ती पात्रतेचं वर्ष मोजण्यात. सोपी रीत: ज्या हंगामात शेवटचा सामना खेळला त्यात ६ मिळवा. २०२० + ६ = २०२६. फेब्रुवारीतली सुपर बोल आदल्या वर्षाच्या हंगामात धरायची. निवृत्तीची घोषणा कधी केली याला काडीची किंमत नाही. हूलिओ जोन्सने घोषणा केली २०२५ला, पण शेवटचा हंगाम २०२३चा, म्हणून तो २०२९च्या तुकडीत पात्र. आणि निवृत्तीनंतर परत मैदानात उतरलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर. फिलिप रिव्हर्सचं तेच झालं. २०२०नंतर थांबलेला हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) यंदाच्या तुकडीसाठी उपांत्य यादीत होता. डिसेंबर २०२५मध्ये कोल्ट्स संघाने हाक मारली, ४४व्या वर्षी गडी मैदानात उतरला आणि त्याची पात्रता थेट २०३१वर गेली. अंदाजाची वही ठेवणाऱ्यांनी त्याचं पान फाडून मागे चिकटवायचं.

आता गुणवत्ता. एकच आकडा बघायचा असेल तर असोसिएटेड प्रेसच्या पहिल्या ऑल-प्रो संघात किती वेळा आला तो बघा. प्रो बोलची, म्हणजे वर्षातल्या निवडक तारकांच्या मेळ्याची, निवड मोजू नका. तिथे प्रेक्षकांची एक तृतीयांश मतं असतात, कोणी जखमी असतो, कोणी सुपर बोलमध्ये अडकलेला असतो, मग बदली खेळाडू भरतात आणि त्यांच्याही नावापुढे ‘प्रो बोलर’ लागतं. पहिला ऑल-प्रो संघ म्हणजे त्या वर्षी त्या जागेवर देशात सर्वोत्तम. कीक्ली आठच हंगाम खेळला, पण पाचदा पहिल्या संघात. पॅट्रिक विलिसचंही तसंच, आठ हंगाम, पाच वेळा, २०२४ला आत. उलट बाजूला फ्रँक गोर. बरोबर १६,००० यार्ड धावला, इतिहासात तिसरा, आणि पहिल्या ऑल-प्रो संघात एकदाही नाही. तो यंदा अंतिम १५ मध्ये होता, आत गेला नाही. मतदारांना ‘किती काळ चांगला’ यापेक्षा ‘कधी सर्वोत्तम होता का’ हा प्रश्न जास्त भावतो, आणि मला ते पटतं.

अर्थात हा आकडाही फसवतो. मिनेसोटाचा केव्हिन विल्यम्स पाचदा पहिल्या संघात होता, २०२१पासून पात्र आहे आणि अजून ताटकळतोय. डिफेन्सिव्ह टॅकल मधल्या गर्दीत काम करतो, सॅकचे (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्याचे) आकडे कमी दिसतात, बाजू मांडणाऱ्याला दाखवायला चित्रफितीतलं एक जबरदस्त दृश्य सापडत नाही. टेरेल डेव्हिस १९९८ला २,००८ यार्ड धावला, सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण कारकीर्द अवघी ७८ सामन्यांची, म्हणून २००७ला पात्र होऊन २०१७पर्यंत थांबला. वाइड रिसीव्हरना (लांबचे पास झेलणाऱ्यांना) तर रांगेचा शापच आहे. सगळ्यांचेच आकडे फुगलेले, त्यामुळे एकमेकांची मतं खातात. टॉरी होल्टने सलग सहा हंगाम १,३०० यार्डांच्या वर काढले आणि तो २०१५पासून थांबलाय. रेजी वेनच्या नावावर १४,३४५ यार्ड आहेत, तोही बाहेर. फिट्झजेराल्ड पहिल्या झटक्यात गेला कारण १,४३२ झेल आणि १७,४९२ यार्ड, दोन्हींत जेरी राइसच्या खालोखाल. तेवढी दरी असेल तरच रिसीव्हरची रांग मोडते. किकरबद्दल फार लिहीत नाही. विनातिएरीसारखा प्रत्येक पिढीत निघत नाही.

क्वार्टरबॅकला मात्र वेगळं माप लागतं, आणि इथेच खरी भांडणं. २००४च्या ड्राफ्टमधले (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतले) तिघं घ्या: इली मॅनिंग, रिव्हर्स, बेन रॉथलिसबर्गर. तिघांपैकी एकही कधी पहिल्या ऑल-प्रो संघात नव्हता. त्यांच्या काळात पेटन मॅनिंग, ब्रेडी, ब्रीझ, रॉजर्स हे क्वार्टरबॅक होते, हे कारण खरं आहे. पण मतदार कारण ऐकून घेतो आणि मत दुसऱ्याला देतो. इलीची बाजू सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २००८ची सुपर बोल, इली जायंट्सकडून, समोर १८ पैकी १८ जिंकलेले पेट्रियट्स, इलीला दोघा-तिघांनी शर्टाला धरून ओढलेलं, त्यातून निसटून त्याने चेंडू उंच भिरकावला आणि डेव्हिड टायरीने तो एका हाताने आपल्याच हेल्मेटवर दाबून धरला. चार वर्षांनी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा विजय, दोन्हीदा सर्वोत्तम खेळाडू इलीच. दुसऱ्या पारड्यात ११७ विजय, ११७ पराभव. न्यू जर्सीतल्या मराठी जायंट्सप्रेमींनी रागवू नये, पण दोन हिवाळ्यांच्या बळावर ४० मतं गोळा करणं कठीण असतं, म्हणून त्याला दोनदा नकार मिळाला. जाईल तो, पण दुबळ्या वर्षाची वाट बघून. आणि २०२७ सोडलं तर दुबळी वर्षं जवळपास दिसत नाहीत.

कारण पुढची रांग बघा. २०२८ला टॉम ब्रेडी आणि जे. जे. वॉट. दोघांच्या बाबतीत चर्चेलाही वाव नाही. वॉट तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू. २०२९ला अ‍ॅरन डोनाल्ड, आठदा पहिल्या ऑल-प्रो संघात, आणि सेंटर जेसन केल्सी, सहादा. दरवर्षी तीन-चार जागा आणि त्यातल्या दोन आधीच गेलेल्या. म्हणजे ज्यांचं प्रकरण थोडं वादाचं आहे त्यांच्यासाठी २०२७ ही मोकळी खिडकी आहे. ती चुकली की दोन वर्षं तरी बसा. मॅट रायनसारख्याला (२०१६चा एमव्हीपी म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ६२,७९२ यार्ड, पण अंगठी, म्हणजे सुपर बोल विजय, नाही) तर २०२८ला पात्र होऊन ब्रेडीच्याच शेजारी उभं राहायचंय. बिचारा.

२०२७साठी, नियम हेच राहिले तर, माझा अंदाज असा. रॉब ग्रॉन्काउस्की पक्का. ९२ टचडाउन (मैदानाच्या टोकाशी गुण मिळवून देणारे) झेल, चारदा पहिला संघ, चार सुपर बोल. टाइट एंडला (झेलही घेणारा आणि समोरच्यांना अडवणाराही) पहिल्या वर्षी जागा मिळणं अवघड असतं, गेट्सला ११६ टचडाउन असूनही एक वर्ष थांबवलं, पण ग्रॉन्क ब्लॉकिंगही (समोरच्यांना अडवणं) आक्रमण फळीतल्या एखाद्या टॅकलसारखं करायचा आणि हे लाइनवाल्यांच्या बाजूच्या मतदारांना आवडतं. एड्रियन पीटरसनला मी दुसरा धरतो: गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटल्यानंतरच्याच हंगामात, २०१२ला, २,०९७ यार्ड आणि एमव्हीपी. २०१४चं मुलाला मारहाण केल्याचं प्रकरण मैदानाबाहेरचं, नियमाप्रमाणे मतदारांनी ते मोजायचं नाही. पण टेरेल ओवेन्सला १५,९३४ यार्ड असूनही तिसऱ्या वर्षापर्यंत का थांबवलं होतं ते आठवा. म्हणून ‘पक्का’ न म्हणता ‘बहुधा’.

तिसऱ्या जागेला टेरेल सग्स, १३९ सॅकच्या जोरावर. चौथी जागा निघालीच तर कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) रिचर्ड शर्मन की गार्ड (आक्रमण फळीतला) मार्शल यांडा, यात मी यांडाकडे झुकतो. शर्मनच्या नावावर २०१२ ते २०१४ सलग तीनदा पहिला संघ असला, तरी सग्स आणि पीटरसनच्या वर्षात कॉर्नरबॅकला थांबवणं मतदारांना सोपं जाईल. यांडाची अडचण एवढीच की तो आणि सग्स दोघंही बाल्टिमोरचे, एकाच संघाच्या दोघांना एकाच वर्षी पाच पैकी दोन मतं द्यायला काही मतदार कचरतील. रॉथलिसबर्गर पहिल्या वर्षी अंतिम १५पर्यंत येईल आणि थांबेल. दोन अंगठ्या आणि ६४,०८८ यार्ड त्याला शेवटी आत नेतीलच, इलीच्या आधी.