हे मोजलं कुणी?

मी जवळपास दहा वर्षं वर्गात एक खोटी गोष्ट सांगत होते. तीही ठासून, पीपीटीवर घालून.

"मुंबईचे डबेवाले. फोर्ब्ज मासिकानं त्यांना सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट दिलंय. एक कोटी साठ लाख डब्यांमागे एक चूक." (सिक्स सिग्मा हे उद्योगातलं अचूकतेचं माप, दहा लाखांत तीन-चारच चुका.) टाळ्या पडायच्या. मावळ-जुन्नरकडची पोरं ताठ बसायची. एमबीएच्या पहिल्या वर्षाला ऑपरेशन्सचा, म्हणजे कामकाजाच्या व्यवस्थापनाचा, पहिला तास सुरू करायला याहून चांगलं काही मला सुचलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "मॅडम, माझे चुलते अंधेरीला डबे टाकायचे. चुकलेला डबा लिहून ठेवायला त्यांच्याकडं वहीबिही काही नव्हती. मग हे मोजलं कुणी?"

मी काय केलं असेल? "छान प्रश्न आहे, यावर नंतर बोलू" म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. मास्तरकी करणाऱ्या सगळ्यांना या वाक्याचा अर्थ माहीत असतो.

घरी येऊन शोधलं. १९९८ साली फोर्ब्जमध्ये सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लिहिलं होतं, तेवढं खरं. पण पुढे त्यांनीच खुलासा केलाय की फोर्ब्जनं कुणाला कसलंही सर्टिफिकेट दिलेलं नाही आणि सिक्स सिग्मा हा शब्दसुद्धा त्यांनी वापरला नव्हता. त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं होतं, चुका किती होतात? अध्यक्ष म्हणाले, जवळजवळ होतच नाहीत, दोन महिन्यांत एखादी होत असेल. एवढंच. बाकीचं गणित चक्रवर्तींनी मांडलं. नंतर एका परिषदेत कुणा वार्ताहरानं अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? ते म्हणाले, ते काय असतं? त्यानं समजावून सांगितल्यावर म्हणाले म्हणे, मग आहोत की, फोर्ब्जला विचारा! झालं. त्याची बातमी झाली, बातमीवरून बातमी झाली आणि फिरत फिरत ती माझ्या स्लाइडवर येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात आधी चूक कबूल केली, मग खडू त्या मुलाच्याच हातात दिला. दिवसाला १ लाख ७५ हजार डबे, महिन्याचे २५ दिवस, दोन महिने. ८७ लाख ५० हजार. त्यात एक चूक, म्हणजे ढोबळमानानं ८० लाखांत एक. डबा रिकामा होऊन घरी परत जातो, ती फेरीही धरली की दुप्पट, १ कोटी ६० लाखांत एक. तीन मिनिटांत तो जगप्रसिद्ध आकडा आमच्या फळ्यावर होता आणि त्याच्या मुळाशी होतं एका माणसाच्या तोंडचं "एखादी होत असेल". तो "दोनेक होत असतील" म्हणाला असता तर आकडा तिथल्या तिथे निम्मा झाला असता.

मग प्रश्न सुरू झाले. चूक म्हणजे नेमकं काय? डबा दुसऱ्याला गेला तर चूक. अर्धा तास उशिरा पोचला तर? हरवला तर? गिऱ्हाइकानं तक्रारच केली नाही, त्या दिवशी वडापाव खाऊन घेतला, तर ती चूक धरायची का? तो तास माझ्या अख्ख्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता आणि त्यात मी जेमतेम पाच मिनिटं बोलले.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "अहो, मराठी माणसाचं जगात नाव झालंय, कशाला उकरून काढता?" मला हे पटत नाही. डबेवाल्यांचं कौतुक करायला खोट्या आकड्याची गरजच काय? १८९० पासून चालत आलेलं काम आहे. झाकणावरची अक्षरं-आकड्यांची खूण, वर्षानुवर्षं तीच लाइन सांभाळणारा माणूस, आपला हिशोब आपण बघणारे छोटे गट आणि लोकलच्या वेळेला बांधलेला दिवस, हे शिकवण्यासारखं आहे. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० साली त्यांच्यावर जी केस, म्हणजे वर्गात शिकवायचं उदाहरण, लिहिली, ती या व्यवस्थेबद्दलच आहे. आकड्याच्या आरत्या ओवाळताना आम्ही व्यवस्था शिकवायचीच विसरलो.

आता मुद्द्यावर येते. पुराव्यावर आधारलेलं व्यवस्थापन हा विषय नवा नाही. गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे डॉक्टरांसाठी मांडलं: वरिष्ठ म्हणतात म्हणून औषध देऊ नका, अभ्यास काय सांगतो ते बघा. २००५ मध्ये डेनिस रूसो यांनी अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या अध्यक्षपदावरून विचारलं की मॅनेजरांच्या बाबतीत असं काही आहे का? आमच्याकडेही आता हा शब्द पोचलाय. एक्सेल शिकवतो, पायथन शिकवतो, पॉवर बीआयवर रंगीत डॅशबोर्ड करायला लावतो. पण माझं ठाम मत झालंय की आपल्या वर्गात अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. "तुम्हाला हे कशावरून माहीत?" हा प्रश्न आपल्याकडे उद्धटपणात जमा होतो. घरात वडलांना विचारायचा नाही, शाळेत बाईंना विचारायचा नाही आणि मग बावीस वर्षांच्या पोराकडून अपेक्षा करायची की त्यानं कंपनीत जाऊन साहेबाला विचारावा.

गेल्या वर्षी एक उद्योजक पाहुणे आले होते. शाल-श्रीफळ झालं. भाषणात म्हणाले, केबिनच्या भिंती पाडल्या आणि काम चाळीस टक्क्यांनी वाढलं. एका मुलीनं उभं राहून अगदी नम्रपणे विचारलं, "सर, कशाच्या तुलनेत? आणि त्याच वर्षी आणखी काही बदललं होतं का?" पाहुणे हसले. म्हणाले, "बेटा, बिझनेसमध्ये काही गोष्टी आतून कळतात." मोठा हशा. ती मुलगी खाली बसली. संध्याकाळी वरून मला निरोप आला की पाहुण्यांसमोर मुलांना जरा आवरा. मी आवरलं नाही, पण हेही सांगते की त्या सभागृहात मी तिची बाजू घेऊन उठलेही नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

आणि आम्ही स्वतः मुलांकडून कसला पुरावा मागतो? समर प्रोजेक्ट. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आत गूगल फॉर्म. विषय एखाद्या कंपनीच्या ग्राहकांचं समाधान आणि फॉर्म पाठवलाय हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शंभर उत्तरं हवीत म्हणून मावशी, मावसभाऊ, जिमचा ट्रेनर, सगळे 'ग्राहक'. प्रत्येक प्रश्नाला एक पाय चार्ट, खाली "वरील आलेखावरून असे दिसून येते की" आणि शेवटी ग्राहक समाधानी आहेत. अठरा वर्षांत असमाधानी ग्राहक सापडलेला प्रोजेक्ट मी पाहिलेला नाही. सही मात्र सगळ्यांवर केलीय.

यापेक्षा मी मुलांना आता तारापूरची गोष्ट सांगते. बोईसरला उतरून पोचता येईल इतक्या जवळची, पण आमच्या किती प्राध्यापकांना माहीत असेल शंका आहे. स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या संशोधकांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये प्रयोग केला. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. काही कारखान्यांना फुकट सल्लागार दिले. कुणाला द्यायचे हे ओळखीनं ठरवलं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. सल्लागारांनी काही रॉकेट सायन्स सांगितलं नाही. कापडातले दोष रोज लिहा, सुताचा साठा मोजून लेबल लावून ठेवा, यंत्र बंद पडायची वाट न बघता देखभाल करा, जमीन झाडा. अशा ३८ गोष्टी. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मुलं विचारतात, मग मालक हे आधी का करत नव्हते? तिथंच खरी गंमत आहे. बऱ्याच मालकांना वाटत होतं की आपला माल आजूबाजूच्या गिरण्यांइतकाच चांगला आहे, दोष मोजून काय मिळणार? मोजलंच नाही म्हणून दिसलं नाही आणि दिसलं नाही म्हणून मोजलं नाही. दुसरी गोष्ट ऐकून वर्ग नेहमी हसतो. कंपनी किती मोठी होणार, हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती यावरून बरंचसं ठरत होतं. कारखान्याची किल्ली बाहेरच्या मॅनेजरकडे द्यायची नाही, म्हणजे जितके भाऊ आणि मुलगे तितकेच कारखाने. (मुलींचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. हे मी वर्गात मुद्दाम म्हणते.)

काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले. सुरू केलेल्यांपैकी साधारण निम्म्या गोष्टी बंद पडल्या होत्या. मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर वहीही गेली. पण ज्यांना सल्लागार मिळाले होते ते अजूनही इतरांच्या पुढेच होते. हा अर्धा भाग मी गाळत नाही. नाहीतर मी पुन्हा डबेवाल्यांची स्लाइडच दाखवत असेन.

पुरावा बदलतो, हेही सांगावं लागतं. "दारातून आत आला की माणूस कळतो" असं म्हणणारे एचआरवाले दर प्लेसमेंटला भेटतात. त्यांच्यासाठी मी श्मिट आणि हंटर यांचा १९९८चा निबंध शिकवायचे. नोकरीसाठी माणूस कसा निवडावा यावरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा, त्यात बुद्धिमत्ता चाचणीचं स्थान फार वरचं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. बुद्धिमत्ता चाचणी खाली घसरली आणि सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण देणारी मुलाखत पहिल्या नंबरवर आली. नुसत्या गप्पा मारून घेतलेली मुलाखत आधीही मागे होती, आता आणखी मागे गेली. मी स्लाइड बदलली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या स्लाइडवर तारीख टाकत जा." आता टाकते.

शेवटचं सांगते ते प्रोजेक्टबद्दल. दोन वर्षं झाली, मी मुलांना गूगल फॉर्म बंद केलाय. घरच्या किंवा ओळखीच्या धंद्यातला एकच निर्णय निवडा, सहा आठवडे स्वतः मोजा. एका मुलीच्या वडलांची पेठेत खानावळ आहे. तिनं निवडल्या रात्री उरणाऱ्या पोळ्या. वडलांचा अंदाज, दहा-बारा उरत असतील. हिनं वही घातली. रोज रात्री साडेदहाला डबा उघडून पोळ्या मोजायच्या. सरासरी निघाली चौतीस. दुपारी जवळजवळ शून्य.

वडील म्हणाले, "वीस वर्षं खानावळ चालवतोय मी." आणि मग म्हणाले, "वाया कुठं जातात? गाईला जातात."

ती माझ्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाली, मॅडम, यांना कसं समजावू? मी म्हटलं, समजावू नकोस, वाया म्हणजे काय ते आधी दोघांनी बसून ठरवा. शिवाय त्यांचं ऐकूनही घे. ऐकलं तर वडलांचं एक म्हणणं बरोबर निघालं. ते म्हणायचे, गुरुवारी पोरं कमी येतात, उपवास असतो. हिला ती जुनी समजूत वाटली होती. वहीत गुरुवार खरोखरच कमी निघाला. आणि रात्रीच्या पोळ्या उरायचं कारण अगदी साधं निघालं. दुपारी भिजवतात तीच परात, त्याच खुणेपर्यंत पीठ, रात्रीलाही. परात मोठी म्हणून पोळ्या जास्त.

पुरावा चार ठिकाणचा बघावा, असं मी शिकवते. संशोधन, धंद्याचे स्वतःचे आकडे, मुरलेल्या माणसाचा अनुभव आणि ज्यांना निर्णयाची झळ बसणार त्यांचं म्हणणं. चौथा मुद्दा मुलं परीक्षेत पाठ करून लिहितात आणि मीही त्यावर फार वेळ घालवत नव्हते. तर खानावळीत रात्रीची परात बदलली, पोळ्या उरायच्या थांबल्या आणि आठवड्याभरानं कोपऱ्यावरच्या देवळापाशी गाय घेऊन बसणारी आजी थेट गल्ल्यावर आली. "काय हो, गाईचं काय चुकलं?"

आता रोज रात्री दहा पोळ्या मुद्दाम जास्त होतात. वडील स्वतः लिहितात. वहीत त्यांनी वेगळा रकाना आखलाय, वर लिहिलंय 'गाय'.