इलेक्ट्रिक फॅन का बसवून दिला नाही: एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोराने वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय: "इलेक्ट्रिक फॅन बसवून मागितला तर मालकाने जुन्या जमान्याचा व्हिस्कस गळ्यात मारला. साडेतेरा हजार घेतले. सकाळी विमानासारखा आवाज येतो, ॲव्हरेज तेवढंच. पुण्यात बारा हजारांत दोन इलेक्ट्रिक पंखे बसवून देतात. एक दिवस सांगून दोन दिवस गाडी अडकवली."

विषय तुमच्या ट्रकच्या रेडिएटरमागच्या पंख्याचा. व्हिस्कस म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या त्या पंख्याचा ऑइलवाला क्लच, गरजेप्रमाणे पंखा धरतो आणि सोडतो. आधी आमच्या चुकीचं बोलतो. दोन दिवस लागले हे खरं. माल पुण्याहून यायचा होता, तो गाडी खोलायच्या आधी मागवायला पाहिजे होता. आम्ही खोलून बसलो आणि मग फोन केला. उसाच्या सीझनला बारा टायर गाडी एक दिवस उभी राहिली की मालकाचं काय होतं ते मला कळतं. शिवाय तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी "इलेक्ट्रिक बिलेक्ट्रिक काही चालत नाही" एवढंच बोलून फोन ठेवला. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, ते आता इथं सांगतो.

तुम्ही आलात ते तुळजापूरच्या घाटात टेंपरेचरचा काटा लालवर जातो म्हणून. ॲव्हरेजचा विषय त्या दिवशी निघालाच नव्हता. गाडी गार असताना इंजिन बंद करून मी तुमच्यासमोर पंख्याला हाताने एक हिसका दिला. तो चार वेळा गरगर फिरला. चांगला व्हिस्कस असा फिरत नाही, एखादा फेरा मारून जडपणे थांबतो. या व्हिस्कस क्लचच्या तोंडावर मधून बाहेर काळ्या चिकट रेघा होत्या, त्यावर धूळ बसलेली. आतलं सिलिकॉन ऑइल गळून गेलं होतं. म्हणजे इंजिन फिरतंय, पट्टा फिरतोय, पण पंखा नुसता सोबत वळतोय, हवा ओढत नाही.

आता हे व्हिस्कस करतं काय? पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये हे ऑइल असतं. समोर एक छोटी पट्टी असते, दोन धातूंची. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पट्टी वाकते, आतली खिडकी उघडते, ऑइल कामाच्या कप्प्यात जातं आणि पंखा जोरात धरतो. हवा गार झाली की सोडतो. हैदराबाद रोडला साठच्या स्पीडने गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, पंखा सुटलेला असतो. पंख्याचा स्पीड निम्मा झाला की त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून चांगला व्हिस्कस सपाट रस्त्यावर तुमचं डिझेल फारसं खात नाही, आणि इलेक्ट्रिक लावून तिथं वाचण्यासारखंही फारसं काही नाही. डिझेल खातो तो जाम झालेला पंखा, किंवा कुणी बोल्ट मारून कायमचा जाम केलेला. तसले जुगाड आठवड्याला एखादं बघतो.

खरा हिशोब घाटात लागतो. चाळीसएक टन लोड, पहिला-दुसरा गिअर, स्पीड दहा-पंधरा, वारा पाठीमागून, मे महिना असेल तर वरून 43-44 डिग्री. इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि समोरून हवा नाही. अशा वेळी मोठ्या ट्रकचा पंखा इंजिनकडून वीस अश्वशक्ती आरामात घेतो, कधी जास्तही. वीस धरा. म्हणजे 15 किलोवॉट. तेवढी वीज 24 व्होल्टवर द्यायची तर सव्वासहाशे अँपिअर लागतात. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा डायनामो, शंभर अँपिअरच्या आसपास, त्यातच हेडलाइट, बॅटरी चार्जिंग, केबिनचा पंखा आणि टेप.

बारा हजारांत जे दोन पंखे बसतात ते तीनशे-तीनशे वॉटचे. दोन्ही मिळून एक अश्वशक्तीसुद्धा भरत नाही. वीसच्या जागी एक! इलेक्ट्रिक पंखा स्पीड कमी असला तरी एकसारखा फिरतो, इंजिन बंद केल्यावरही चालू ठेवता येतो, हे त्याचे गुण मला मान्य आहेत. व्हिस्कसची पट्टी हवेवरून अंदाज घेते म्हणून जरा उशिरा धरते, हेही मान्य. कार आणि छोट्या गाडीला इलेक्ट्रिकच बरा, तिथं इंजिन आडवं असतं, पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येतच नाही आणि गरजही थोडी. परदेशात काही सिटी बसला एकाऐवजी बरेच छोटे इलेक्ट्रिक पंखे असतात, पण त्यांच्यासाठी अल्टरनेटरही तसाच दांडगा दिलेला असतो. आपल्याकडे बीएस-6 च्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत कंपनीने पंखा इंजिनवरच ठेवलाय, फक्त व्हिस्कसला वायर जोडून कंट्रोल ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे दिलाय. तेच बघा ना.

आणि मी हे ऐकीव सांगत नाही. 9 वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाच्या हट्टापायी मी स्वतः दहा टायरला दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले होते. रिले, फ्यूज, जाड वायर, सगळं व्यवस्थित. थंडीत दोन महिने गाडी मस्त चालली, तो माझं कौतुक करत फिरला. एप्रिलमध्ये तीच गाडी घाटातून टोचन लावून आली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची पॅकिंग, गेलेली, हेडला बाक. पैसे मी निम्मे भरले. त्यानंतर लोडच्या गाडीला इलेक्ट्रिक बसवायचं बंद केलं. पुण्यात कोण बसवतं मला माहीत नाही. त्यांना एवढंच विचारा, घाटात गरम झाली तर जबाबदारी लिहून देता का?

सकाळच्या आवाजाचं म्हणाल तर तो बिघाड नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल कामाच्या कप्प्यात उतरून बसतं, म्हणून स्टार्ट करताच पंखा धरलेला असतो आणि घोंगावतो. मिनिट-दोन मिनिटांत ऑइल परत फिरतं आणि आवाज उतरतो. उतरला नाही तर मात्र लगेच घेऊन या.

पण तुम्ही शेवटी अजून एक ओळ लिहिलीय, "खड्ड्यात कटकट वाजतं." ती वाचून मी पोराला विचारलं. काउलचा, म्हणजे पंख्याभोवतीच्या कव्हरचा, खालचा एक बोल्ट त्याने हातानेच फिरवून ठेवला होता, पाना लावायचा राहिला. खड्ड्यात काउल हलतं आणि पंख्याचं पातं त्याला घासतं. ही चूक शंभर टक्के आमची. काउल तुटलं असेल तर नवीन माझ्याकडून.

बिलात "जाळी सफाई" म्हणून जे सातशे लावलेत त्याबद्दलही तुमची कुरकुर दिसली. इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर सुटे केले तेव्हा मधे पाचटाचा आणि मातीचा थर गोधडीसारखा निघाला होता. नुसतं समोरून पाइप मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. पंख्याच्या बाजूने, कमी प्रेशरने, पातळ पत्र्या न वाकवता धुवावं लागतं. पोराचा अर्धा दिवस त्यातच गेला. ते सातशे योग्यच आहेत. लेबरमधले आठशे मात्र उशिराबद्दल परत करतो.

जुना क्लच मी भंगारात दिलेला नाही, काउंटरखाली ठेवलाय. बुधवारी सकाळी दहाच्या आत या, तोही बघा. येताना गाडी रिकामी आणा आणि रात्रभर उभी असलेली असू द्या. गरम इंजिनवर काउलच्या खालच्या बोल्टपाशी हात घालता येत नाही.