इप मॅनने कोळसा उपसला नव्हता, मान्य!

नमस्कार. माझ्या लेखावर इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: चिनी कुंग-फू गुरू इप मॅनवरचा २००८ चा ‘इप मॅन’ चरित्रपट म्हणून खोटा आहे (खऱ्या इप मॅनने कुठे कोळसा उपसला होता!), जपानद्वेष विकतो, आणि मी हाणामारीला भुलून त्याला डोक्यावर घेतलं. वर, चीन-जपान युद्धाचं आपल्याला काय, हाही टोला.

भुललो, कबूल. सॅमो हंगने बसवलेल्या मारामाऱ्यांत इप मॅन झालेल्या डॉनी येनचे हात पाहून जो भुलत नाही, त्याला माझा दुरूनच नमस्कार! पण दहा कराटेपटूंच्या प्रसंगाला तुम्ही ‘नुसती कत्तल’ म्हणता, तर आधी पूर्वार्ध पुन्हा बघा. आव्हान देत घरात घुसलेल्याशीही हा माणूस हात राखून लढतो. शेवटी पोरगं तीनचाकी सायकलवरून आईचा निरोप घेऊन येतं, की आता तरी मारा, नाहीतर घरातलं सगळं फुटेल! जपानी आखाड्यात तेच हात काही राखत नाहीत. तांदळाच्या पिशवीपायी आपली माणसं तिथे जीव गमावताहेत, हे त्याला तोवर कळलेलं असतं.

जपानद्वेषाबद्दल निम्मं मान्य. जपानी जनरल मिउराचा हस्तक साटो अगदीच छापील खलनायक आहे. खुद्द मिउरा तसा नाही. (संगीत केंजी कावाईचं, म्हणजे जपानी माणसाचंच.)

इतिहासात मात्र तुम्ही कोळशापाशीच अडलात. कोळसा उपसणं, जनरलशी जाहीर झुंज, हे रचलेलंच आहे. मोठी थाप शेवटी आहे. जपान्यांच्या तावडीतून सुटून तो हाँगकाँग गाठतो, असं पडद्यावर दिसतं. खरा इप मॅन युद्धानंतर फोशान या आपल्या गावी राष्ट्रवादी सरकारच्या पोलिसांत होता आणि हाँगकाँगला गेला तो १९४९ मध्ये, कम्युनिस्ट आले म्हणून. चीनमध्येही चालवायच्या चित्रपटात हे कोण दाखवणार?

राहिलं ‘आपल्याला काय’. सप्टेंबर १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. कोटणीस वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते आधी दक्षिण चीनमधल्या कँटनला (आजच्या ग्वांगझूला) उतरले. फोशान तिथून हाकेच्या अंतरावर. पुढच्याच महिन्यात कँटन जपान्यांच्या हाती गेलं. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यात कोटणीसांची चिनी पत्नी झाल्या होत्या जयश्रीबाई. बोलल्या हिंदीत. तो आपण डोळे पुसत पाहिलाच की!

‘सत्यकथा’ हा शब्द लेखात मीच घातला होता, तो आज काढला. दहा कराटेपटूंचा परिच्छेद तसाच ठेवलाय.